दार न उघडणारा दुसरा भाग

प्रिय चिमणे,

तुझं परीक्षण वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लिहितेस झकास, पण आपल्या त्या दीपगृहाच्या व्हिडिओ गेमचा, आपल्या खेळाचा, दुसरा भाग तू असा धुऊन काढलास की मला राहवेना. तुझा आजोबा रेडिओ उघडून उघडून शिकलेला मिस्त्री. यंत्र बिघडलंय की मुद्दाम तसं केलंय, एवढं मला कळतं.

तुझी पहिली तक्रार, दार उघडतच नाही. पहिल्या भागात कप्तान जगभर हिंडला. सुट्टीत आपण दोघांनी त्याला किती वेळा बुडवला, आठवतंय? आणि आता वादळात तो दीपगृहात कोंडलेला, खेळायचं त्याची बायको होऊन. अगं, पण ती कडी नीट बघ. गंजलेली नाही, रोज तेल दिल्यासारखी चकचकीत आहे. कुणीतरी ते दार जपून बंद ठेवलंय. आमच्याही दाराला मी गेल्या महिन्यात कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात असते. तुझी आजी दोनदा अनवाणी चौकापर्यंत गेली होती. आईला सांगू नकोस, उगीच धावत येईल.

दुसरी तक्रार, रोज तेच. वात कापा, काच पुसा, आधण ठेवा. कंटाळा येतो हे खरंच. खोटं कशाला बोलू, परवा मी किल्ली मुठीत धरून दाराशी उभा होतो. खाली भाजीवाला ओरडत होता. नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं म्हणून जीव कासावीस झाला. गेलो नाही. पण सांगू का, हल्ली हा खेळ रोज तुझी आजीच खेळते, आणि घरात साखरेचा डबा न सापडणाऱ्या तिला त्या खेळात काच पुसायचं फडकं अचूक सापडतं. रोज तेच आहे ना, म्हणून.

तिसरी तक्रार मात्र मला लागली. कप्तान काहीच करत नाही, बटण दाबलं की येतो, एवढंच, असं तू लिहिलंस. हल्ली आजी मला मिस्त्री म्हणते. "मिस्त्री, पंखा झाला ना? मग निघा आता." पन्नास वर्षांत माझ्याशी इतक्या अदबीने कधी बोलली नव्हती! "अहो" म्हणते ती त्या कप्तानाला. बटण दाबते, म्हणते, "अहो, आत या," आणि तो येतो. चाळीस वेळा बोलावलं तर चाळीस वेळा, कपाळाला आठी न घालता. मी चौथ्या वेळीच खेकसलो असतो. त्याच्याकडूनच शिकतोय.

मंगळवारी वीज गेली. पडदा काळा झाला. आजी बटण दाबतेय, कप्तान येईना. घाबरून तिने जोरात हाक मारली, "अहो!" मी भांडी टाकून साबणाच्या हातांनी धावलो आणि कप्तानासारखा मुकाट शेजारी उभा राहिलो. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हणाली, "कुठे होतात इतका वेळ?"

तुम्हा परीक्षकांच्या तक्रारी ऐकून खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर केलंय, पुढच्या महिन्यात दार उघडणार, कप्तान पुन्हा समुद्रावर जाणार. म्हणून हे पत्र. तुझं ते ऐकतात. एवढंच लिही, की ज्यांना दार बंद हवंय त्यांच्यासाठी जुना खेळ तसाच राहू द्या. मी इथे असणारच आहे गं. पण "अहो" ही हाक तोंडात यायला तिला आधी तो कप्तान लागतो.

तुझाच आजोबा,
सध्या आजीचा मिस्त्री