जिनिंगच्या गेटवरचे चार नियम

१० एप्रिल १९६१, सकाळ
आजपासून रोजनिशी. पक्कं. भाषा शुद्ध ठेवायची. महाराष्ट्र होऊन वर्ष होत आलं, आता 'मले-तुले' बंद. पांढरकवड्यात फोटो स्टुडिओ एकच, आणि तो माझा. अशा माणसाने नोंदी ठेवल्या नाहीत तर गावाचंच नुकसान. रुक्मा म्हणाली, मागच्या वर्षी घेतलेली वही कोरीच पडली आहे, तीच वापरा. बायकोला दूरचं दिसत नाही.

१२ एप्रिल
खबर पक्की. १ मेला जिनिंगच्या आवारात स्केटिंगची स्पर्धा. सीझन संपला, कापूस गेला, सिमेंटचा मोठा ओटा मोकळा पडला आहे. हे खूळ जिनिंगच्या मेकॅनिकचं, युनूसचं. मागे यवतमाळला चाकांचे बूट घालून नाचणारी कंपनी आली होती. पोरगा एकदा पाहून आला, आणि मशीनच्या जुन्या बेअरिंगांचे अन् पट्ट्याच्या चामड्याचे बूट करून बसला. आता यवतमाळ-वणीचे लोकही उतरणार आहेत. मॅनेजर उत्तमसिंग कमिटीचे सेक्रेटरी. मी ऑफिशियल फोटोग्राफर. तसं कोणी अजून म्हटलं नाही, पण दुसरं आहे कोण?

१४ एप्रिल
आहे. युनूसचा मोठा भाऊ हाफिज नागपूरला प्रेसमध्ये असतो, तो कोणाचातरी कॅमेरा मागून आणणार आहे. त्यांची आई जोहराबी, जिने आजवर घरात कोणाचा फोटो काढू दिला नाही, ती म्हणे या वेळी हो म्हणाली. धाकट्याचा एक फोटो पाहिजे. एकच. चांगली गोष्ट आहे. पण मग माझ्याकडे यायला काय झालं होतं? या हौशी लोकांनी कलेचं वाटोळं केलं.

१५ एप्रिल, दुपार
उपाय सापडला. रद्दीत एक इंग्रजी मासिक आलं होतं. विलायतेत बर्फावर नाचण्याच्या स्पर्धा असतात, तिथे प्रेक्षकांना कॅमेरा नेता येत नाही, पिशव्या गेटवर ठेवाव्या लागतात. फ्लॅश तर अजिबात नाही. गिरकीत डोळ्यांवर उजेड आला की खेळणाऱ्याला खालचं-वरचं कळत नाही, असं लिहिलं आहे. वा! शिस्त असावी तर अशी.

१६ एप्रिल
कमिटीत नियम मांडले. एक, कॅमेरा आत नाही. दोन, पिशवी, थैली, बॅग गेटवर जमा करून बिल्ला घ्यायचा. तीन, फ्लॅश मारायचा नाही. चार, जमा केलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळेल, कमी नाही, जास्त नाही. उत्तमसिंगांनी विचारलं, कायले एवढं? मासिकातलं कारण सांगत बसलो नाही. म्हणालो, आग. जिनिंगमध्ये आग म्हटलं की सगळे गप्प होतात. बसले गप्प. ऑफिशियल फोटोग्राफरला नियम लागू नाहीत, हे मी शेवटी जरा हळू आवाजात वाचलं. मंजूर.

रात्री जेवताना रुक्माला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुमच्याशिवाय कोणीच नाही काढायचा. मी म्हणालो, प्रश्न शिस्तीचा आहे.

२९ एप्रिल
युनूस स्टुडिओत आला होता. त्याला सहा नंबर मिळाला आहे. आईने आपल्या हिरव्या ओढणीतून आकडा कापून बनियनवर शिवला, तर तो उलटा बसून तीन झाला. मग तिने उसवून पुन्हा शिवला. तिला अक्षर येत नाही, पण आता सहाचा आकडा डोळे मिटून काढते, म्हणून हसत होता. जाताना म्हणाला, "चाचा, उडी मारून भोवरा घेतो ना, तवा उजेड नका मारजा. डोयासमोर अंधारी येते." मी म्हणालो, मला शिकवतोस का? तरीही शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

३० एप्रिल
नागपूरहून फ्लॅशचे बल्ब आले. एक प्रमुख पाहुण्यांच्या हारासाठी. दुसरा अडीअडचणीला. वापरणार नाही.

१ मे, दुपार, गेटवर बसून
शिस्त काय असते ते आज पांढरकवड्याला दिसलं. एकही पिशवी सोडली नाही. मारेगावचा एक शेतकरी थैलीत कोंबडी घेऊन आला. नियम म्हणजे नियम, कोंबडीलाही बिल्ला. तासाभराने त्याला घरून बोलावणं आलं म्हणून तो परत न्यायला आला, तर कोंबडीने थैलीत अंडं दिलेलं. जमा केली तेव्हा अंडं नव्हतं. कमी नाही, जास्त नाही. अंडं दिलं नाही. तो कोंबडी काखेत मारून गेला.

हाफिज आला. खांद्याला बॅग, बॅगेत कॅमेरा. म्हणाला, यात फ्लॅशच नाही, उन्हं आहेत तोवर एक फोटो काढतो, अम्मीसाठी. मीच काढणार आहे म्हटलं, काळजी नको. त्याने वाद घातला नाही. बिल्ला खिशात टाकून आईजवळ जाऊन बसला. असा समजूतदार माणूस क्वचित भेटतो.

२ मे
पाहुणे उशिरा आले. भाषण लांबलं. युनूसची पाळी आली तेव्हा दिवे लागले होते, दोन गॅसबत्त्या. त्या उजेडात फोटो कसा येणार? मी ऑफिशियल. त्याच्या आईसाठी हाफिजला मीच कबूल केलेलं. मग काय करायचं होतं?

पोरगा उडाला तेव्हा असा उडाला की सगळं आवार उभं राहिलं.

पडला. डोकं ओट्याच्या काठावर. जिनिंगच्या ट्रकमधून यवतमाळला नेला. हाफिज आणि आई सोबत गेले. हाफिजची बॅग गेटवर राहिली, मी घरी आणून ठेवली. जबाबदारी आहे.

पडण्याची कारणं: बेअरिंग जुनं होतं. ओट्याला तडा होता. मेचं ऊन, दुपारी नीट जेवला नसेल. हे सगळं उत्तमसिंगांना सांगितलं. तेही हो हो म्हणाले. कमिटीत फ्लॅशबद्दल कोणी काही म्हटलं नाही. विलायतेतलं मासिक इथं वाचतं कोण?

३ मे
गेटवरून घरी आणलेलं अंडं ताटात होतं. रुक्माने मुद्दाम केलं. खाल्लं नाही.

४ मे
युनूस गेला. सकाळी आणला, दुपारी माती दिली. मी गेलतो. हाफिजशी बोलायचं होतं, गर्दी फार.

संध्याकाळी रीळ धुतलं. पाहुणे चांगले आले आहेत. शेवटचा युनूसचा. आयुष्यात इतका सुंदर फोटो मी काढला नाही. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, बुटांची चाकं मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. फक्त एक हात डोळ्यांवर आहे. चेहरा झाकला गेला, हनुवटी तेवढी दिसते. घाम पुसत असेल. उडी मारताना घाम येतोच.

६ मे
जोहराबी आल्या. बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, मले आयुष्यभर वाटलं फोटो काढला की माणूस कमी होते, म्हणून कधी काढू देला नाही. आता घरात त्याचा एक कपडा हाय, फोटो नाही. चेहराही इसरून जाईन का, अशी भीती वाटते. तुमच्याजवळ हाय का भाऊ?

आहे म्हणालो. त्यांनी विचारलं, कसा आला? काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, शेवटी तुमच्याकडे पाहून सलाम करत होता, भाभी. त्यांनी पदर तोंडाला लावला. इतकं रडल्या की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दु:खी माणसाला चार बरे शब्द सांगायला काय जाते?

त्या गेल्यावर रुक्मा आतून आली आणि ओली प्रत पाहत उभी राहिली. म्हणाली, "सलाम डाव्या हातानं करतेत का?"

७ मे
रात्रभर विचार. उत्तर सोपं निघालं. नेगेटिव्ह उलटी ठेवून छापली की डावा हात उजवा होतो. प्रत किंचित मऊ, पुसट येते, पण म्हाताऱ्या डोळ्यांना काय दिसणार? छापली. सुरेख सलाम. आता मलाही वाटतं की तो सलामच करत होता. उगीच मनाला लावून घेतलं होतं. नव्या फ्रेममध्ये घातला. पैसे घ्यायचे नाहीत, ठरवलं.

९ मे
स्वतः त्यांच्या घरी जाऊन दिला. जोहराबींनी हात धुतले, फ्रेम घेतली, डोळ्यांना लावली. मग उजेडाकडे नेली. बराच वेळ पाहिली. बोटाने छातीवरचा आकडा गिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"बबनभाऊ, हा माहा युनूस नाही. याच्या छातीवर तीन हाय. मी तीनचा उसवून सहा शिवलता."

मी म्हणालो, नीट पाहा. त्या म्हणाल्या, पाह्यलं. तोंड तर दिसतच नाही याचं. त्यांनी फ्रेम पदराने पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

"नेऊन द्या बाप्पा ज्याचा असन त्याले. दुसऱ्याच्या लेकराचा फोटो मी कशी ठेवू? त्याची माय वाट पाहत असन."

तीन नंबर वणीचा पोरगा होता. धडधाकट आहे, स्पर्धा जिंकून गेला. मी सांगणारच होतो, की नेगेटिव्ह उलटी लागली, उद्या सरळ करून आणतो. पण स्टुडिओत गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती.

१० मे
गिऱ्हाईक नाही.

११ मे
सरळ छापला. सहा नंबर स्वच्छ. टाकेसुद्धा दिसतात, हिरव्या कापडाच्या कडेने. डावा हात डोळ्यांवर. तळवा बाहेर, बोटं ताणलेली, हनुवटी आत ओढलेली. उजेड अंगावर आला की माणूस जसा हात धरतो तसा. पाहणाऱ्याला सांगावं लागणार नाही. उद्या नेऊन देतो. त्यांचा मुलगा आहे, त्यांना मिळालाच पाहिजे. उद्या नक्की.

१२ मे
ऊन फार. उद्या.

१३ मे
रुक्माने विचारलं, देला का? मी म्हणालो, वाळून राह्यला. ती म्हणाली, मेमध्ये? आणि तेव्हापासून माझ्याशी बोलली नाही.

१५ मे
सकाळी हाफिज आला. आईला नागपूरला घेऊन जातो म्हणाला, इथं ती रात्रंदिवस जिनिंगच्या भिंतीकडे पाहत बसते. बस अकराची. त्याने खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला. मी बॅग आणून दिली. त्याने उघडून पाहिली नाही. मीच उघडायला लावली, कॅमेरा, पट्टा, रीळ, सगळं मोजून दाखवलं. रीळ कोरंच होतं. एकही फोटो काढलेला नव्हता.

फोटो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. माझा हात ड्रॉवरवरच होता. बॅगेत सरकवला असता तर त्याला नागपूरपर्यंत कळलंही नसतं.

दारातून वळून त्याने विचारलं, "चाचा, काही द्याचं राह्यलं का?"

मी म्हणालो, नाही. जशी ठेवली होती तशी दिली. कमी नाही, जास्त नाही.

तो बरं म्हणाला. जाताना त्याने सलाम केला, उजव्या हाताने. बस अकराला गेली. मले हॉर्न आयकू आला.