सुरभीच्या पिस्तुलाचा ट्रिगर

३ डिसेंबर २०२४, मंगळवार
क्लबच्या ऑफिसातून माझा फोटो काढला. तिथे सुरभीचा लावला. आमचे प्रशिक्षक धनंजय सर म्हणाले, प्रेरणा, आता नेमबाजी पुरे, तू हत्यारं सांभाळ, दुरुस्तीत तुझ्याइतका हात कोणाचा नाही.
सुरभी पवनारची. आईबाप वांगी-मेथी पिकवतात. दोन वर्षांपूर्वी तिला पिस्तूल धरायला मीच शिकवलं. आता नागपूरच्या स्पर्धेत पहिल्या तिघींत आली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज भरता येईल. मी चौथी आले होते. दोनदा.

६ डिसेंबर
सुरभीची पहिली गोळी खाली जाते. जाणारच — डबल अ‍ॅक्शन! पहिल्या गोळीला आतली हातोडीही ट्रिगरनेच मागे ओढायची, म्हणून तो दाब जड. पुढच्या गोळ्या हलक्या. वजनकाट्याचा हूक ट्रिगरला अडकवून ओढला. साडेचार किलो.
हलका करून द्या म्हणाली. मी म्हटलं, आधी बोट तयार कर. रिकाम्या पिस्तुलावर तीनशे वेळा दाबायला लावलं. दोनशेच्या पुढे कातडं सोललं. मी मोजत राहिले.

७ डिसेंबर
परत तीनशे. बोटाला पट्टी बांधून आली होती. काढायला लावली.

९ डिसेंबर
तीनशे. तक्रार करत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

१४ डिसेंबर, शनिवार
शेवटी सरांनीच सांगितलं. या स्पर्धेत नियमाने पहिल्या दाबाला किमान सव्वादोन किलो लागतात, त्याच्या जरा वर आणून ठेव. स्प्रिंग बदलली. आतले घासणारे भाग पॉलिश केले. दोन किलो चारशे. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा तेवढंच. इतकं सुंदर काम मी स्वतःच्या पिस्तुलाचंही केलं नव्हतं.
सुरभीने दाबून पाहिलं आणि रडायलाच लागली. माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

२० डिसेंबर
उद्या नागपूर. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर पिस्तूल पुन्हा उघडलं. दोन किलो शंभर. बोटाला एवढा फरक कळत नाही. काट्याला कळतो. पेटीत ठेवून कुलूप लावलं.
मग मीही जेवायला गेले.

२१ डिसेंबर, शनिवार
सुरभी दुसरी आली! आयुष्यात एवढं चांगलं मारलं नव्हतं तिने.
मग पहिल्या तिघींची हत्यारं तपासायला घेतली. ट्रिगरला सव्वादोन किलोचं वजन टांगून पिस्तूल वर उचलायचं, वजन उचललं गेलं पाहिजे. सुरभीच्या पिस्तुलाने ते उचललंच नाही, त्याआधी हातोडी पडली. तीन वेळा बघितलं. तिन्ही वेळा टक्. बाद.
तिचे वडील दौलतराव पहाटेच्या एसटीने आले होते. मला विचारलं, "काऊन काढलं पोरीले? नेम तं लागला न तिचा?"
नियम समजावून सांगितला. मान हलवत ऐकून घेतलं त्यांनी. मग मला नमस्कार केला.

२३ डिसेंबर
चौकशी. क्लबचे अध्यक्ष पुंडलिकराव विचारणार होते, पिस्तूल कोणी उघडलं. मी उत्तर घोकून गेले होते — सरांनी हलका करायला सांगितला, मी केला, थोडं कमीजास्त झालं असेल. तोंड उघडायची पाळीच आली नाही. सुरभी आधीच उठून म्हणाली, "मीच पुन्हा उघडलं. कोणाले विचारलं नाई."
दोन वर्षांची बंदी. क्लबातूनही नाव काढलं. सरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मला काही कळेना. हिला पिस्तुलाचा एक स्क्रू काढता येत नाही.

२५ डिसेंबर, बुधवार
सुरभी घरी आली होती. आत ये म्हटलं तरी दारातच उभी राहिली. बोलली फार हळू.
"ताई, तुमाले कोनी काई बोललं तं नाई न? मी तुमचं नाव घेतलं असतं तं क्लबातली नोकरी गेली असती तुमची. मी जिंकावं म्हनूनच अजून हलका केला न तुमी?"
हो म्हटलं.