आमच्या टेबलाचे वार

मी, खाली सही करणारा, धंद्याने काचवाला. दुकान बंद झाले आहे, बायको देवाघरी गेली आहे, गुडघे संपावर आहेत, पण डोके जागेवर आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत असून यात जे लिहीन ते खरे लिहीन. डोके जागेवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी ज्या ठसक्यात ‘सोमवार’ म्हणालो तो ऐकून त्यांनी पुढचे प्रश्न खिशात घातले. माझे बाकी काहीही चुकेल, वार चुकणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी छापील नमुना दिला होता, पण त्यात रिकाम्या जागा फारच थोड्या होत्या, म्हणून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलांनी शेवटी नजर फिरवावी. माझी वाक्ये कापू नयेत. कापाकापीचा धंदा माझा होता, त्यांचा नाही.

कलम पहिले : घर आणि शिल्लक. मला एक मुलगा आणि एक मुलगी. राहते घर विकून येईल ते दोघांना सारखे द्यावे. बँकेतली शिल्लकही, चौथ्या कलमातला खर्च वजा जाता, दोघांना सारखी. घरातली प्रत्येक काच माझ्या हातची आहे. नव्या मालकाला बदलावीशी वाटली तर बदलू द्या, मी बघायला येणार नाही.

कलम दुसरे : हत्यारे. काच कापायची हिरकणी, काटकोन बघायचा गुण्या, लांब लाकडी पट्टी आणि काचा तिरप्या उभ्या ठेवायची मांडणी हे सगळे माझ्या दुकानाशेजारच्या फ्रेमवाल्याला द्यावे. आयुष्यभर त्याने माझ्याकडून पट्टी उसनी नेली आणि मी ती मागायला गेलो की चहा पाजून वाटेला लावले. आता मागायला कोणी येणार नाही. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकील म्हणाले, तेव्हा तो रुसला आणि म्हणाला, “मग पट्टी नको, सही करू दे.” त्याला पट्टीच द्यावी.

कलम तिसरे : जेवणाचे टेबल. यावरून भांडण होणार आहे, नव्हे, झालेच आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

टेबल लाकडी, चौघांचे. वरची जाड काच मी स्वतः कापून, कडा घासून बसवली. काचेखाली मुलांनी चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथशाळेत रंगवलेली चित्रे आहेत. एका चित्रात नोहाच्या तारवावर, म्हणजे प्रलयातल्या त्या जहाजावर, टीव्हीचा अँटेना आहे. तो मुलाने काढला, कारण तारवात इतके दिवस लोक करणार काय, असा त्याचा सवाल होता. शब्बाथशाळा माझी बायको घ्यायची. तिने अँटेना पुसायला लावला नाही.

तिचीच पद्धत होती की जेवणाआधीच्या प्रार्थनेला प्रत्येकाचा वार. सोमवार माझा, मंगळवार तिचा, बुधवार मुलाचा, गुरुवार मुलीचा. शुक्रवार-शनिवार ज्याला वाटेल त्याचा, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून गीत म्हणायचे. नियम एकच : दुसऱ्याच्या वारी आपण तोंड उघडायचे नाही. मी म्हणायचो, “अगं, लहान आहेत, आपणच म्हणावं.” ती म्हणायची, “त्यांचं जेवण तुम्ही जेवता का? मग त्यांची प्रार्थना तुम्ही कशी म्हणणार?” मुलगा बुधवारी देवाला स्वच्छ सांगायचा की कालचीच भाजी आज पुन्हा आहे, तरी आभार. मुलगी गल्लीतल्या एकेका कुत्र्याचे नाव घेऊन प्रार्थना इतकी लांबवायची की ताटे गार व्हायची. बायको हूं की चूं करायची नाही.

मुलगी तेरा वर्षांची असताना तिची मैत्रीण, औषधवाल्याची मुलगी, आजारी पडली. शब्बाथशाळेतल्या सगळ्या मुलांनी गोल बसून, हात धरून तिच्यासाठी प्रार्थना केली. ती गेली. पुढच्या रविवारी माझ्या मुलीने भर वर्गात विचारले, “मग देवाने आमचं ऐकलं का नाही?” त्या दिवशी वर्गावर मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचा कारभार बघणारे, एक पंच आले होते. मुलांनी त्यांचे नाव ‘शांतोबा’ ठेवले होते, कारण मुले दिसली की त्यांच्या तोंडून ‘शांत!’ एवढेच निघे. माझी बायको तोंड उघडायच्या आत शांतोबा म्हणाले, “कोणाचा तरी विश्वास कमी पडला असेल.”

मुले एकमेकांकडे बघू लागली. माझी मुलगी कोणाकडेच बघत नव्हती, असे बायकोने मला सांगितले.

त्यानंतरच्या गुरुवारी ती टेबलाशी बसली आणि म्हणाली, “बाबा, मी आजपासून म्हणणार नाही. मला खोटं बोलायचं नाही.” मी काही बोलणार तेवढ्यात बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मुलीला म्हणाली, “नको बोलूस. पण वार तुझाच राहील. तुझ्याऐवजी कोणी बोलणार नाही. तू चमचा उचललास की आम्ही जेवू.” मग आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिने चमचा उचलला. पुढे ती घर सोडून शिकायला जाईपर्यंत गुरुवार असाच गेला. एकदा मुलाने तिच्या वारी हळूच ‘आमेन’ म्हटले, तर आईने त्याला सुनावले, “तुला बुधवार दिलाय, तो पुरे.”

खरी गोष्ट आम्हाला पुष्कळ उशिरा कळली. मैत्रिणीसाठी प्रार्थना चालली असताना माझ्या मुलीने डोळे उघडले होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत की नाही एवढेच तिला बघायचे होते. आपण डोळे उघडले म्हणून मैत्रीण गेली, हे ओझे ते पोर मनात घेऊन हिंडत होते. बायकोच्या शेवटच्या आजारात, तिची उशी सारखी करता करता, मुलगी हे बोलून गेली. बायकोने तिचा हात धरला आणि म्हणाली, “वेडे, मी तर वर्गावर लक्ष ठेवायला नेहमीच उघडे ठेवायचे.” दोघी हसल्या आणि मग रडल्या. मुलगी आज लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. चर्चला जात नाही.

मुलगा जातो. त्याला देवाने आवाज दिला आहे आणि मंडळ्यांनी माइक. रोज सकाळी तो प्रार्थना रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवतो. मला आणि माझ्या वाण्याला ती एकाच वेळी मिळते. वाण्याला आवडते. मलाही आवडते, पण त्यात ‘बाबा, कसे आहात’ एवढे असते तर जास्त आवडली असती. टेबल बहिणीला देणार म्हटल्यावर त्याने आपणहून फोन केला.

“बाबा, ती प्रार्थनाच करत नाही. तिच्याकडे गेलं तर त्यावर इस्त्री करतील!”

“करू देत. काच जाड आहे.”

“मी चेष्टा करत नाहीये. विश्वास कोणी सांभाळला? मी. मग टेबल कोणाचं?”

मी त्याला उत्तर दिले नाही, कारण फोनवर मला पटकन सुचत नाही. ते इथे देतो. बाळा, तू सांभाळलास आणि मला त्याचा अभिमान आहे. म्हणून तुझ्या आईचे पवित्र शास्त्र, तिच्या पेन्सिलीच्या खुणांसह, तुलाच द्यायचे आहे. पण तुझी बहीण या टेबलाशी कधी खोटे बोलली नाही, आणि तुझ्या आईने हे टेबल त्यासाठीच मांडले होते. टेबल मुलीला द्यावे. चित्रे काचेखालून काढू नयेत.

कलम चौथे : चर्चमधली काच. शांतोबांनी पुढे ठरवले की मुलांमुळे उपासनेत व्यत्यय येतो, तेव्हा मागे काचेची खोली करून मुले आणि त्यांच्या आया तिथे बसवाव्या. काम माझ्याकडे आले, मी नाही म्हणालो. दुसऱ्या कोणीतरी केले आणि ते काम बघून आजही माझ्या कपाळाला आठ्या पडतात. चौकटीत काच थरथरते. आतला स्पीकर बिघडला तो बिघडलाच.

नात, म्हणजे मुलीची मुलगी, एकदा सुट्टीत माझ्याकडे आली असता मी तिला घेऊन गेलो. आम्हाला काचेमागे बसवले. समोर उपदेश करणाऱ्या पाळकांचे ओठ हलत होते, मंडळीचे ओठ हलत होते. नात बराच वेळ बघत होती. मग माझ्या कानात म्हणाली, “आजोबा, हे सगळे मासे झालेत का?” मी खो-खो हसलो. काचेमागे असल्यामुळे कोणाला ऐकू गेले नाही. घरी येऊन मात्र मला हसू आले नाही. आता त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवतात, कारण मुले येतच नाहीत.

माझ्या शिल्लकेतून ती काच काढण्याचा आणि पुढच्या बाजूला मुलांच्या उंचीची बाके करण्याचा खर्च करावा. फ्रेमवाल्याला सांगून ठेवले आहे, तो ती न फोडता उतरवील. चर्चने नकार दिल्यास ही रक्कम मुलीच्या वॉर्डात खेळण्यांसाठी द्यावी.

कलम पाचवे : राग. शांतोबा हयात आहेत, त्यांना आता ऐकू येत नाही. मी दर रविवारी त्यांच्याशी हात मिळवतो आणि दर रविवारी मला ते वाक्य आठवते. हा राग कोणाच्याही नावे करत नाही. तो मुलांकडे जाऊ नये. मी मरायच्या आत तो सोडायचा प्रयत्न चालू आहे, अजून जमलेले नाही.

कलम सहावे : वार. हे वकिलांना समजणार नाही, पण समजून घ्यावे.

बायको गेल्यापासून टेबलाशी मी एकटा असतो. सोमवारी मी प्रार्थना म्हणतो. मंगळवार तिचा, मी गप्प बसतो. बुधवार मुलाचा, गप्प बसतो. शुक्रवार-शनिवार ज्याला वाटेल त्याचा, आणि वाटून घ्यायला मीच उरलो आहे. रविवारी गीत म्हणतो. वरचा आवाज तिचा होता, मी नेहमी खालचा म्हणायचो, अजूनही तोच म्हणतो. नुसता खालचा आवाज ऐकून हे गीत आहे की म्हाताऱ्याची कुरकुर, हे वरच्या मजल्यावर कळत नसावे. मला फार एकटे वाटते. हे कायद्याच्या कागदात नको, असे वकील म्हणाले. पण खरे लिहीन असे मी वर लिहून बसलो आहे.

गुरुवारी मात्र जेवणाच्या वेळी मुलीचा फोन येतो.

“बसलात का जेवायला, बाबा?”

“बसतोय.”

“बसा.”

मग ती बोलत नाही आणि मीही बोलत नाही. तिच्या घरचा पंखा ऐकू येतो. थोड्या वेळाने ती म्हणते, “जेवा आता,” आणि फोन ठेवते. मला वाटायचे, तिला गुरुवारीच कामातून सवड मिळत असेल आणि बिचारी दमलेली असेल. गेल्या गुरुवारी त्या गप्प बसण्यात नातीने फोन ओढून घेतला.

“आजोबा, आज आईचा वार आहे.”

“कोण म्हणालं?”

“आईच म्हणते. गुरुवारी आम्ही आधी काहीच बोलत नाही. मग आई चमचा उचलते. मगच जेवायचं.” आणि मग, “आजोबा, माझा वार कुठला?”

मागून मुलीचा आवाज आला, “अगं, दे इकडे तो फोन.” मग ती मला म्हणाली, “बाबा, तिचं काही मनावर घेऊ नका.”

“घेतलं. विचार करून सांगतो म्हणावं.”

ती म्हणाली, “लवकर सांगा. रोज विचारते.”

त्या दिवशी माझे जेवण गार झाले. मी टेबलाशी बसून रडलो. बायको असती तर तिने टेबलाखालून पाय दिला असता.

तरी विचार करून सांगतो. शुक्रवार देता आला असता, पण लेकराला उरलेसुरले देऊ नये. माझा सोमवार मी माझ्या नातीला देत आहे. तो तिच्या एकटीचा. त्या दिवशी तिने बोललेच पाहिजे असे नाही. बोलली तर कुत्र्यांची नावे घेतली तरी चालतील. तिच्याऐवजी कोणी बोलू नये, मामानेही नाही. आणि तिला सांगावे की डोळे उघडे ठेवायला हरकत नाही. हे वाक्य तिच्या आईने तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

बाकीची कलमे माझ्यामागे लागू होतील. हे कलम येत्या सोमवारपासूनच लागू आहे, म्हणून याची नक्कल मुलीला आजच पाठवतो. त्या दिवशी जेवणाच्या वेळी मी टेबलाशी गप्प बसलेला असेन. फोन जवळ ठेवीन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलाने करावी. भांडेल, पण एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. तो त्याच्या आईच्या हाताखाली वाढला आहे.

सही : काचवाला

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमक्ष केली :
१. दाखला देणारे डॉक्टर
२. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई (यांना विचारले. रविवारचे गीत ऐकू जाते, आणि ते गीतच वाटते, म्हणाल्या.)

ठिकाण : जेवणाचे टेबल, माझी बाजू
तारीख : डॉक्टर घालतील
वार : सोमवार, आजपुरता माझा