इव्हॉनचं कुलूप

३ नोव्हेंबर, सोमवार

लाकडाच्या गिरणीत पहिला दिवस. बेकरीत बावीस वर्षं काढली, वाटलं होतं काम म्हणजे काम. आज दिवसभर नुसते शब्द शिकवले! शिकवणारी ओडील – साठीची, डाव्या हाताला तीनच बोटं.

फळ्यावर दोन शब्द लिहिले. धोका. जोखीम. मला दोन्ही एकच वाटले. तर म्हणाली, फिरती करवत हा धोका, ती आहे तिथेच राहणार. तू तिच्या किती जवळ जातेस, मध्ये जाळी आहे का, झोप झाली आहे का, यावर जोखीम ठरते. जाळी लावली की धोका तोच, जोखीम कमी.

घरी येऊन हातावरचे भट्टीने भाजल्याचे डाग बघत बसले. बेकरीत कुणी हे शब्द उच्चारले नव्हते.

४ नोव्हेंबर

कानात बोळे. दिवसभर स्वतःचाच श्वास ऐकू येतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कुलूप मिळालं. लाल, वर माझा फोटो. किल्ली एकच, माझ्याकडे. यंत्रात शिरायचं तर आधी वीज बंद करायची आणि खटक्याला आपलं कुलूप घालायचं. चौघं आत गेले तर चार कुलपं. शेवटचं निघेपर्यंत यंत्र चालू होणार नाही – फोरमनने सांगितलं तरी नाही, मालक आला तरी नाही. मुठीत मावतं एवढंसं ते!

१३ नोव्हेंबर, गुरुवार



दुपारी तीनला पाळी बदलली. साल सोलायच्या यंत्राच्या खटक्यावर एकच कुलूप राहिलं होतं – इव्हॉनचं. हा इव्हॉन एकसष्ट वर्षांचा, मधुमेह असून सगळ्यांना काकवीची बिस्किटं वाटणारा. सगळे म्हणाले, विसरून घरी गेला असणार. बाहेर ओंडक्यांचे ट्रक खोळंबलेले. फोरमन लॉर्न कुलूप कापायची मोठी कातर घेऊन आला.

ओडील खटक्यासमोर उभी राहिली. माणूस गिरणीबाहेर आहे हे त्याच्या तोंडून कळल्याशिवाय कुलूप कापायचं नाही, हा नियम. लॉर्न म्हणाला, चाळीस माणसं एका विसरभोळ्यासाठी उभी ठेवू का?

"हो," ती म्हणाली. "चाळीसच्या चाळीस."

इव्हॉनचा फोन लागेना. तिने त्याच्या बायकोला लावला. तो घरी पोचला नव्हता. कॉफीला थांबला असेल, कुणीतरी म्हणालं. यंत्राच्या पट्ट्याखाली सालपटं साचतात त्या खड्ड्यात कुणी नाही, असं लॉर्नला कळलं होतं. तरी ओडीलने खटक्याला आपलंही कुलूप घातलं आणि बॅटरी घेऊन स्वतः शिडी उतरली.

इव्हॉन तिथेच होता. सालपटांच्या ढिगात बेशुद्ध, साखर उतरलेली. एक हात पट्टा फिरवणाऱ्या रुळावर.

त्याला रुग्णवाहिकेतून नेलं. पाळी संपलेले लोकही घरी जाईनात. सगळे त्या लाल कुलपाकडे बघत उभे. लॉर्न कातर मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला.

१४ नोव्हेंबर

इव्हॉन शुद्धीवर! त्याची बायको सांगत होती, डोळे उघडल्यावर त्याने पहिलं विचारलं, खड्ड्याची सफाई कुणी पुरी केली.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये सगळे गुडघे टेकून बसले, मीही बसले. डोळ्यांपुढे ओडीलच. तीन बोटांनी शिडी धरून खाली उतरणारी. आवाज चढवला नव्हता. कुणाला ढकललं नव्हतं. नुसती उभी राहिली आणि एवढी मोठी गिरणी थांबली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तेरा तारखेचं एक लिहायचं टाळलं. ओडील फोनवर होती तेव्हा लॉर्नने मला खड्ड्यात बघून यायला पाठवलं होतं. मी उतरले नाही. वरूनच एक हाक मारली आणि येऊन सांगितलं, "खाली बघितलं. कुणी नाही."

आज ओडीलला सांगितलं. तिने कोरा कागद पुढे सरकवला. "काय झालं ते लिही, जिनेट. पुढच्या तुकडीला शिकवीन. नाव घालायची गरज नाही."

मी आधी माझं नाव लिहिलं.