बंपरवरचे दोन पिवळे दिवे

प्रिय स्टाइनर,

माझं अक्षर पाहून दचकला असशील. तीन वर्षांत आपण एकमेकांना ओळख दाखवलेली नाही, आणि त्यात चूक माझी नव्हती.

आपल्या बचाव पथकाच्या बर्फगाडीवर मी दोन पिवळे दिवे लावले होते. टपावर नाही, खाली बंपरवर. उजवा दोन बोटं बाहेर वळवलेला, वाटेच्या कडेच्या खुणेच्या काठ्या दिसाव्यात म्हणून. हे मी शाळेत शिकलो नाही. एकवीस हिवाळे पठारावर गाडी हाकून शिकलो. तू मात्र भर सभेत हसलास. "ओडवार, काढ बाबा ते आजोबांचे कंदील. हे शिकलेल्या माणसांना ठरवू दे." आणि टपावर तुझी एलईडीची पांढरी पट्टी चढली. मी सांगत होतो, टपावरचा उजेड उडत्या बर्फावर आपटून डोळ्यांत परत येतो. शिवाय त्या थंड दिव्यांच्या काचेवर बर्फ धरतो. माझे जुने बल्ब तापतात, काच आपोआप मोकळी राहते. मी हट्ट सोडेना, तेव्हा पथकाचा प्रमुख म्हणून तू मला चालकाच्या कामावरून काढलंस आणि तशी नोटीस गावच्या दुकानाच्या दारावर चार टाचण्यांनी लावलीस. माझी बायको गुन्वोर पाव आणायला गेली होती. तिनं ती चारचौघांत उभं राहून वाचली.

पुढं तुम्ही ती जुनी गाडी मोडीत काढलीत, ती मी घेतली. दिवे पुन्हा त्यांच्या जागी बसवले, मिलिमीटर मोजून.

गेल्या गुरुवारच्या वादळात तुझी नवी गाडी काठ्यांची रांग सोडून घळीच्या तोंडाशी अडकली. शेजारगावच्या पथकानं मला माझ्या गाडीसह धाडलं. तुम्ही तिघं कुडकुडत मागच्या डब्यात चढलात. गाडी कुठली, पुढं चालक कोण, हे बघायचं भान कुणाला होतं? पण डब्यातला माइक चालू होता, स्टाइनर, पुढं मला सगळं ऐकू येत होतं. "बघ, एकही काठी चुकत नाहीये. याला दिसतं कसं रे? दिवे कुणी लावलेत विचारून घ्या, आपल्याला अस्सेच हवेत." तुझाच आवाज. तुम्हाला दारात उतरवलं आणि निघून आलो.

विचारलंस, म्हणून कळवतो: मी लावलेत. मापं मागच्या पानावर आहेत, खुशाल घे. या पत्राची दुसरी प्रत आज सकाळी दुकानाच्या दारावर लावली आहे. टाचण्या तुझ्याच, चारही. गुन्वोरनं तेव्हा काढून आणल्या होत्या. उद्या पाव आणायला तू स्वतः जा.

तुझाच कंदीलवाला,
ओडवार