दिव्याच्या जागी तू

मुहर्रक, बहरीन

प्रिय सनद,

तुमचं सरकारी जहाज आमच्या समोर येऊन उभं राहिलं, फश्तावरच्या, त्या बुडत्या खडकावरच्या, दिव्याच्या बोयात गॅस भरून निघूनही गेलं, आणि तू काही किनाऱ्यावर उतरला नाहीस. मी उन्हात वाळूवर उभी. तुझ्याऐवजी एक खलाशी आला, म्हणाला, "सनदनं सांगितलंय, मी बरा आहे, काळजी करू नका." मी विचारलं, "हे तो तोंडानं म्हणाला की खुणा करून?" बिचारा गोंधळला. मी दिलेला खजूर तोंडात टाकला आणि चालता झाला. म्हणून हे पत्र बसऱ्याला पाठवते आहे. आईनं आपल्याला एका चटईवर बसवून लिहायला-वाचायला शिकवलं, ते असं निरोप्यांच्या तोंडाकडे बघत बसायला नव्हे.

मी रागावले आहे असं समजू नकोस. म्हणजे रागावले आहेच, पण त्या रागाखाली दुसरं बरंच काही आहे आणि ते सांगायला मला थोडा वेळ लागणार आहे. हल्ली एका जागी फार वेळ बसवत नाही, मध्ये उठून पाठ सरळ करावी लागते. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

घरी सगळं ठीक आहे. मोत्यांचा हंगाम संपल्यापासून खमीस घरातच लुडबुडतो. मला विहिरीवर जाऊ देत नाही, स्वतः घडा घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहतो. शेजारची उम्म हिलाल परवा सगळ्यांसमोर म्हणाली, "मौझा, समुद्रानं तुझा तोच नवरा परत केला की बदलून दिला?" खमीस लाजला नाही की चिडला नाही. उलट तिचाच घडा भरून दिला. बाजारातून त्यानं इतके अळीव आणून ठेवले आहेत की अर्ध्या गल्लीला पुरतील. आईची कबर त्यानं नीट केली, वर ताजी वाळू घातली. मी तिथं गेले की तुझंही नाव घेते. तू काही दिवसांचा असताना तुझी आई गेली, आणि माझ्या आईनं एका बाजूला मला आणि एका बाजूला तुला घेतलं. लोकांना सख्खे भाऊ असतात, मला दूधभाऊ आहे, आणि मी कधी फरक केलेला नाही.

हाजी मन्सूरांच्या बैठकीतला तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आम्ही बायका पडद्यामागे कॉफी गाळत होतो आणि कान सगळे बाहेर. इंग्रजांच्या कचेरीतला कारकून पाय दुमडून ऐटीत सांगत होता, "हिंदुस्थानातलं सरकार म्हणतं, आखातातले दिवे विलायतेच्या कामाचे, खर्च त्यांनी करावा. विलायतेतलं सरकार म्हणतं, आखात हिंदुस्थानच्या दारात, खर्च त्यांनी करावा. निकाल लागेपर्यंत दिव्यांचं जहाज बुशहरला बांधून ठेवलंय." हाजींनी विचारलं, "आणि आमच्या फश्तावरचा बोया?" तो म्हणाला, "विझलाय. पण तो तुमचा कुठं होता? दिव्यांची पट्टी आगबोटी भरतात, तुमच्या होड्या भरत नाहीत. कागदावर तुम्ही त्या पाण्यात नाहीच."

मग व्यापारी म्हणाले, पट्टी नाखव्यांनी द्यावी. म्हातारे नाखवे म्हणाले, मोती ज्याच्या पेटीत जातो त्यानं द्यावी. पाणबुड्यांना कुणी विचारलंच नाही, कारण ते सगळे पाण्याखाली होते. आमचा खमीसही त्यांतलाच. परतीच्या वेळी सगळ्या होड्या त्याच उथळ खडकाशेजारून यायच्या होत्या. तेव्हा दाराशी बसलेला तू उठलास. जहाज बांधून ठेवल्यामुळे तुझीही नोकरी गेलेली, अंगावर जुनाच सदरा. तू म्हणालास, "तुमचं भांडण मिटेपर्यंत मी माझी होडी फश्तावर बांधतो आणि कंदील लावून बसतो." हाजी हसले, "बस, बाबा. मासे सोबतीला आहेतच." सगळे हसले. मी हसले नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हा एकटाच शहाणा आहे तुमच्यात, पण पडद्यामागून काय ओरडणार?

परतीचे दिवस आले तशा आम्ही बायका नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर गेलो. खजुरीच्या झावळ्या पेटवून समुद्राला चटके द्यायचे, आता पुरे कर, आमची माणसं परत दे, असं त्याला दरडावायचं. मी लहानपणापासून हे मनापासून करत आले. यंदा झावळी पाण्यात विझवताना माझ्या मनात आलं, या बिचाऱ्याचा काय दोष? तो जिथं होता तिथंच आहे. चटका द्यायचा तर त्या कारकुनाच्या खुर्चीला द्यायला हवा. उम्म हिलालच्या कानात हे सांगितलं तर ती हसत सुटली आणि दुसऱ्याच क्षणी रडायला लागली. तिचेही दोन मुलगे बाहेर होते.

पुढचं मी खमीसच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मीच त्या होडीत होते असं वाटतं. सूर्य बुडून गेला होता. त्यांना लांब कंदील दिसला. नाखवा बू फरज म्हणाला, "डोलकाठीला कंदील आहे, म्हणजे कुणीतरी नांगर टाकलाय. तळ चांगला असणार. चला, आपणही रात्र तिथंच काढू." यात त्याची चूक नाही रे. पाणबुड्यांच्या होड्यांत पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत, नांगरलेल्या होडीचा कंदील दिसला की जवळ जाऊन आपलाही नांगर टाकायचा. तू दिवा लावलास तो दूर राहा म्हणून, आणि त्यांनी तो वाचला जवळ या म्हणून. आगबोटीच्या दिव्यांत इतकी वर्षं काढलीस, त्यामुळे हे तुझ्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी सुकाणू तुझ्याकडे वळवलं. तू ओरडत असशील, पण वारा उलटा, शब्द काही त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत.

आणि मग त्या वाऱ्यातूनही लांब सुरातली अजान ऐकू आली. बू फरज म्हणाला, "मगरिबची नमाज झाली, रात्रीच्या इशाला अजून अवकाश आहे. समुद्राच्या मध्यात अवेळी अजान देणारा हा कोण वेडा?" खमीस उठून उभा राहिला. हाच तो खमीस, जो तू जहाजावरून घरी आलास की मशिदीतल्या तुझ्या अजानेनं आपली पहाटेची झोप मोडते म्हणून वर्षानुवर्षं कुरकुरत आला. तो म्हणाला, "नाखवा, हा आमचा सनद आहे. त्याची अजान आजवर कधी चुकली नाही. तो अवेळी देतोय म्हणजे काहीतरी भलतंच आहे. शिडं उतरवा." त्यांनी शिडं उतरवली, दोरीला शिसं बांधून पाणी मोजलं. खडक जवळजवळ हाताला लागत होता.

नंतर प्रत्येक होडी येताना दिसली की तू अजान देत राहिलास, शेवटची होडी येईपर्यंत. एकही फुटली नाही. उम्म हिलालचे दोन्ही मुलगे आले. आणि तू परत आलास तेव्हा तुझ्या गळ्यातून नुसती हवा येत होती. हकीम म्हणाला, मध पाजा, आवाज येईल. आला नाही. मशिदीत दुसऱ्या माणसानं अजान दिली त्या सकाळी तू सामान बांधलंस. जहाज पुन्हा सुटल्याचं निमित्त मिळालं, नाहीतर तू पोहत गेला असतास.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. कारकून पुन्हा आला आणि म्हणाला, साहेबांनी वर लिहिलंय की दिवा नसतानाही एकही होडी बुडाली नाही, तेव्हा या दिव्याची गरज दिसत नाही. पडद्यामागे मी कॉफीचं भांडं इतक्या जोरानं आपटलं की हाजी दचकले. पण बू फरज उठला. बैठकीत कधी न बोलणारा माणूस. म्हणाला, "होड्या सुखरूप आल्या असं लिहिलंत ना? मग कुणी आणल्या तेही लिहा. त्याचा गळा गेला. पुढच्या वर्षी कुणाचा गळा घेणार?" मग एकेक नाखवा उठत गेला आणि सगळे मिळून कचेरीच्या दारात जाऊन बसले. सरकारांचं भांडण अजून चालूच आहे म्हणतात, पण बोया पेटला. पेटवायला आलेल्या जहाजावर तू होतास आणि तोंड लपवून आत बसलास. सनद, आमच्यापासून लपवावं असं तुझ्याकडे काही नाही. या गल्लीतल्या किती चुली तुझ्यामुळे पेटतात, ते येऊन बघ तरी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही आशा सोडली होती, आणि खमीस हंगामावर निघून गेल्यावर मला कळलं की मला दिवस गेले आहेत. दृष्ट लागेल म्हणून मी कुणालाही सांगितलं नाही. पडद्यामागे बसले होते तेव्हा माझ्या पोटात बाळ होतं, आणि त्याच्या बापाला ते ठाऊक नव्हतं. त्याला ते कळलं, माझ्या तोंडून, माझ्याच दारात कळलं, ते तुझ्यामुळे. आता दिवस भरत आले आहेत. बाळाच्या कानात पहिली अजान कुणी द्यायची असं सुईणीनं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत खमीस म्हणाला, सनद देईल. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील, माझ्यापाशी आता आवाज कुठं आहे? अरे वेड्या, ती काय मिनारावरून द्यायची असते? उजव्या कानाशी ओठ नेऊन, बाळ दचकणार नाही इतक्या हळू द्यायची असते. तुझ्यापाशी उरलाय तो आवाज बरोबर तेवढाच आहे. मिळेल त्या होडीनं निघ.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच दूधबहीण
मौझा