स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातले फुकटे

प्रिय ताईस, धाकट्याचा वाकून (वाकता येतं तेवढं) नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे वाफ्यात बसून कुरकुरतात. पण दाद घेणारं कोणी नाही, हे पाहून तेही हल्ली गप्प बसतात.

ही जाऊन परवा वर्ष झालं. हिने लावलेली स्ट्रॉबेरीची बारा रोपं जगवायचीच, असं मी मनावर घेतलं होतं. वाफ्यात तण माजलेलं. जन्मभर तिकिटं तपासलेला माणूस मी, फुकटा दिसला की हात शिवशिवतात. एक रोप लांब दोरा सोडून शेजारच्या जागेत बस्तान मांडताना दिसलं, त्याला आधी उतरवलं. पाठोपाठ त्याचे पाच भाऊबंद. कोपऱ्यात एक रोप मात्र शहाण्यासारखं सरळ उभं होतं, त्याला रोज दोन मग पाणी घातलं.

एका सकाळी भिंतीपलीकडून शेजारच्या नर्सबाई (आता निवृत्त) कडाडल्या, "अहो टीसी, स्ट्रॉबेरी उपटताय आणि गवताला पाणी पाजताय! त्याचं बी उडून माझ्याकडे येतंय!" (या आवाजाला घाबरून अख्खा वॉर्ड मुकाट्याने गोळ्या गिळत असणार.) तेव्हापासून रोज आठच्या ठोक्याला बाई भिंतीशी हजर. तण फुलावर यायच्या आत मुळासकट काढा, खुरपं रोपाजवळ खोल घालू नका, मातीवर पेंढा पसरा. मी मुद्दाम चुकायचो असं नाही. पण सुधारायची घाईही केली नाही.

शेवटी नको तेवढा शिकलो. पेंढा असा पसरला की तणाला डोकं वर काढायची सोय उरली नाही. बाईंनी वाकून पाहिलं, "छान," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्याला आज नऊ दिवस झाले. आठ वाजता मी खुरपं घेऊन उभा राहतो, उपटायला काही नसतं, आणि विनाकारण हाक मारायची माझी छाती नाही. दिवसभर कोणाशी बोलणं होत नाही, ताई. हे वाफा साफ झाल्यावर कळलं.

बाकी सगळं ठीक.

तुझा
धाकटा

ता. क. उरलेल्या सहा रोपांना मिळून एक फळ आलंय. पिकलंय. एकट्याने तोडवत नाही.

ता. क. आणखी एक. खरं काम राहिलंच. तुझ्या अंगणातल्या त्या चिवट गवताचं मूठभर बी पाठव.

ता. क. शेवटचं. टपालात पुडी फुटेल. तूच घेऊन ये. बी विसरलीस तरी चालेल.